मुंबई ते न्यूयॉर्क: तिकिटावरचे तास आणि आईच्या घड्याळातले तास

आईला घेऊन अमेरिकेला जाऊन आले. परत येऊन आठवडा झालाय, बॅगा अजून अर्ध्याच रिकाम्या झाल्यात, पण हे आधी लिहून टाकते कारण निघायच्या आधी दोन महिने मी रोज रात्री "मुंबई न्यूयॉर्क किती तास" एवढंच शोधत बसायचे आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं. कुणी सोळा म्हणतं, कुणी वीस, कुणी सरळ दीड दिवस धरा म्हणतं. गंमत म्हणजे तिन्ही बरोबर आहेत, फक्त कुठून कुठपर्यंत मोजलं ते कुणी सांगत नाही.

मला आकडा नेमका हवा होता त्याला कारण होतं. आई ७२ वर्षांची, दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. गेली सहा वर्षं सकाळी आठ आणि रात्री आठ असे थेंब घालते, मधे बारा तास. लग्नकार्य असो, गावची जत्रा असो, आठ वाजले की ती पाच मिनिटं आत जाऊन थेंब घालून येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, औषधाने आहे ती टिकवायची एवढंच हातात असतं, म्हणून घरात सगळेच ती वेळ पाळतात. आणि आता दादाकडे एडिसनला, न्यू जर्सीत, बाळ झालेलं आणि आईला नातीला बघायचं होतं.

पासपोर्ट-व्हिसाचं थोडक्यात सांगते. आईचा पासपोर्ट पुण्याला नवीन काढला, ३६ पानी, फी दीड हजार, पोलीस व्हेरिफिकेशन धरून तीन आठवड्यांत घरी आला. व्हिसाला मात्र वेळ लागला. फी १८५ डॉलर, ती २०२३ च्या जुलैत भरली आणि इंटरव्ह्यूची तारीख मिळाली ती थेट २०२४ च्या मेमधली. आधी बोटांचे ठसे आणि फोटो वेगळ्या दिवशी, मग मुंबईत बीकेसीला अमेरिकेच्या वकिलातीत इंटरव्ह्यू, म्हणजे सातारा-मुंबई दोनदा. आत तिला तीनच प्रश्न विचारले, मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, आधी कुठे परदेशी गेलात का. कुणाच्या घरी बाळंतपण असेल तर बातमी कळल्या दिवशी तारीख घ्यायला बसा. माझा व्हिसा ऑफिसच्या कामामुळे आधीच होता.

जुलैत तिकिटाच्या मागे लागले. इथल्या एका एजंटने आईला सांगितलं, "काकू, पहाटे चारला मुंबईत बसायचं, दुपारी तीनला न्यूयॉर्कला उतरायचं, काय नाही त्यात." झालं, आईने आख्ख्या आळीत सांगितलं की अकरा तासांचा प्रवास आहे. खरं सांगायचं तर एक दिवस मीही तसंच धरून चालले होते, कारण तिकिटावर तेच छापलेलं दिसतं. मग कळलं की तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या असतात. सुटायची वेळ मुंबईची, पोचायची न्यूयॉर्कची, आणि सप्टेंबरात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे नेमकं ४:१० ते ३ असे घड्याळात दिसणारे १० तास ५० मिनिटं अधिक साडेनऊ, एकूण २० तास २० मिनिटं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, "म्हणजे थेंब विमानातच घालायचे का गं?"

त्या रात्री लेकीचा शाळेचा ग्लोब घेतला आणि शिवणाचा दोरा. मुंबईवर एक टोक धरलं, न्यूयॉर्कवर दुसरं, आणि दोरा ताणला. मला वाटलं होतं तो अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या डोक्यावरून सरळ डावीकडे जाईल, भिंतीवरच्या नकाशात तसंच वाटतं. पण दोरा ताणला की आपोआप वर सरकतो, रशिया, नॉर्वे, आइसलँड, मग ग्रीनलँडचं खालचं टोक, आणि तिथून खाली कॅनडावरून न्यूयॉर्क. पृथ्वी गोल आहे हे शाळेत पाठ केलेलं मला त्या दिवशी बोटांना कळलं. दोरा पट्टीवर धरला तर २९ सेंटिमीटर, ग्लोबचा घेर ९४, पृथ्वीचा घेर साधारण ४० हजार किलोमीटर. गुणाकार-भागाकार करून १२,३४० आले. नेटवर साडेबारा हजारच्या आसपास आहे. दोऱ्याने मोजून एवढं जवळ आलं याचा मला फार आनंद झाला, लेकीला तर त्याहून जास्त, ती मग कुठल्याही दोन गावांमधे दोरा लावत बसली.

आता विमान साधारण ताशी ९०० ने जातं, म्हणजे साडेबारा हजाराला चौदा तास व्हायला पाहिजेत. पण थेट विमानाला साडेपंधरा-सोळा दाखवतात. एक तर तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, धावपट्टीसाठी थांबणं, उतरल्यावर जमिनीवर फिरणं सगळं त्यात. दुसरं, विमान दोऱ्यासारखं जात नाही, कुठल्या देशाचं आकाश बंद असेल तर वळसा घालावा लागतो. आणि तिसरं वारा, त्याचं पुढे सांगते.

माझ्यासमोर तीन पर्याय होते. थेट विमान माणशी १ लाख ३१ हजार. कतारमधल्या दोहामार्गे १ लाख ८ हजार ५००. आणि एका साइटवर ८६ हजार, एकूण वेळ १९ तास, बघून मी कार्ड काढलंच होतं. पण पेमेंटच्या आधी खाली बारीक अक्षरात दिसलं की ही दोन वेगळी तिकिटं आहेत, दोन पीएनआर. म्हणजे मधल्या विमानतळावर बॅगा स्वतः घ्यायच्या, बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन करायचं, बाहेर यायचं तर त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं नि दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. वयस्कर माणूस बरोबर असेल तर कृपा करून एकाच पीएनआरचं तिकीट घ्या, पैसे वाचवायच्या दुसऱ्या खूप जागा आहेत.

दोहामार्गे अंतर किती वाढतं ते पण मोजलं. मुंबई-दोहा साधारण २३००, दोहा-न्यूयॉर्क साधारण १०,७७०, एकूण तेरा हजार सत्तर. म्हणजे थेटपेक्षा जेमतेम साडेपाचशे किलोमीटर जास्त. मग वेळ चार-पाच तासांनी का वाढतो, तर मधलं थांबणं, आणि दोनदा चढणं-उतरणं. आईच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, गुडघ्यांसाठी मधे उठून चालायला मिळतंय हे चांगलंच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की विमानाने काचबिंदूला काही होत नाही, थेंब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाले तरी चालतील, पण बारा तासांचा हिशोब मोडू नका, एखादी वेळ गाळू नका. (डोळ्याचं ऑपरेशन होऊन आत गॅस भरलेला असेल तर मात्र विमानात बसायचंच नाही, हेही त्यांनीच सांगितलं.) दोहा ठरलं. मधे थांबा २ तास ४५ मिनिटं. तासाभराचा थांबा असलेलं तिकीट दोन हजारांनी स्वस्त होतं, ते सोडलं.

तिकीट काढताना नावाचा घोळ झाला असता. आईच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात तिचं आणि बाबांचं नाव एकत्र आहे, एजंटने फक्त आईचं नाव आणि आडनाव टाकलं. मी पैसे द्यायच्या आधी पासपोर्ट शेजारी धरून एकेक अक्षर वाचलं म्हणून सापडलं, नंतर बदलायला पैसे पडतात आणि मनस्ताप वेगळा. व्हीलचेअर पण तिकीट काढतानाच सांगून ठेवली, तिचे वेगळे पैसे पडले नाहीत.

मग फुलस्केप कागदावर तीन रकाने आखले. भारताची वेळ, दोह्याची वेळ, न्यूयॉर्कची वेळ. सकाळचे आठ म्हणजे दोह्यात साडेपाच. रात्रीचे आठ म्हणजे न्यूयॉर्कची सकाळ साडेदहा, तेव्हा आपण अटलांटिकवर. आणि तिकडे पोचल्यावर आईने आठ-आठ पाळायचंच नाही, साडेदहा-साडेदहा पाळायचं, म्हणजे बारा तासांचा धागा तुटत नाही. फोनवर अलार्म लावू नका बरं का! फोन नव्या गावात आपोआप तिथली वेळ घेतो आणि रात्री आठचा अलार्म न्यूयॉर्कच्या रात्री आठला वाजतो, तोवर साडेनऊ तास उलटून गेलेले असतात. त्यासाठी आईचं साधं मनगटी घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवायचं ठरलं, कुणी हात लावायचा नाही.

गणपती झाले आणि १९ सप्टेंबरला संध्याकाळी सातला साताऱ्याहून गाडी निघाली. गाडीचे साडेसहा हजार. विमान २० तारखेच्या पहाटे ४:१० चं. इथे एक सांगते, तारीख नीट बघा, २० च्या पहाटेचं विमान म्हणजे १९ च्या रात्री घर सोडायचं, माझ्या ऑफिसातले एकजण २० ला रात्री जेवून निघाले होते. साडेबाराला विमानतळावर पोचलो, बॅगा, इमिग्रेशन, सिक्युरिटी मिळून पावणेदोन तास गेले. थेंबांच्या दोन बाटल्या, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, सगळं आईच्या पर्समधे, मोठ्या बॅगेत काही नाही. बाटली पाच मिलिलिटरची, हातातल्या सामानातल्या पातळ पदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या नियमात आरामात बसते.

विमानात बसलो आणि धावपट्टीसाठी रांगेत ३५ मिनिटं गेली. माझ्या पोटात गोळा, दोह्याचं विमान चुकलं तर काय. दोह्याला उतरलो तेव्हा तिथले पावणेसहा वाजले होते, आईच्या घड्याळात सव्वाआठ. व्हीलचेअरवाला मुलगा नेपाळचा, हिंदी बोलणारा, त्याला आईने म्हटलं "बेटा दो मिनट रुको", आणि एका खांबाजवळ बसून पावणेनऊच्या आत थेंब घातले. पुन्हा सिक्युरिटी झाली, अमेरिकेच्या विमानाच्या गेटवर आणखी एकदा तपासणी, पाण्याची बाटली टाकून द्यावी लागली. पावणेतीन तासातले राहिले होते दोन तास वीस, आणि हे सगळं होऊन गेटवर बसायला जेमतेम चाळीस मिनिटं मिळाली. तासाभराचा थांबा घेतला असता तर आम्ही ते विमान लांबूनच बघितलं असतं.

दोहा-न्यूयॉर्क १३ तास ५५ मिनिटं. पहिले चार तास बरे गेले. जेवण, झोप, समोरच्या पडद्यावर नकाशा. आईला सिनेमात रस नाही, ती नकाशाच बघत होती, तुर्कस्तान आलं, काळा समुद्र आला, असं मला उठवून सांगायची. दर दोन तासांनी आम्ही मागच्या मोकळ्या जागेपर्यंत जाऊन यायचो. पायात घट्ट मोजे होते, तरी सहा तासांनंतर घोटे थोडे सुजले. पाणी मागून घेत राहा, विमानातली हवा खूप कोरडी असते, आईचे डोळे चुरचुरायला लागले होते.

पडद्यावर जमिनीच्या हिशोबाने वेग दिसत होता, ताशी ८१० च्या आसपास. मला वाटलं हळू का चाललंय. पश्चिमेकडे जाताना वरचा वारा समोरून येतो, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा तो जेट स्ट्रीम, कधी ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा. विमान तेवढंच पळतं पण वारा मागे ढकलतो.

आईच्या घड्याळात आठ वाजले तेव्हा नेमका सीटबेल्टचा दिवा लागला आणि विमान हलायला लागलं. आई बाटली हातात घेऊन बसून राहिली, झाकण न काढता, डोळे घड्याळावर. बाहेर लख्ख ऊन होतं पण सगळ्यांनी खिडक्या बंद केलेल्या, आत रात्रीसारखा अंधार. सव्वाआठला दिवा गेला. मी डोक्यावरचा दिवा लावला, तिने झाकण काढलं आणि न दाबताच दोन थेंब तिच्या बोटांवरून ओघळले. विमानात हवेचा दाब कमी असल्यामुळे बाटलीतली हवा फुगलेली असते हे मला तेव्हा सुचलंच नाही, मी घाबरले की बाटली फुटली. आईनेच बाटली सरळ उभी धरली, आतली हवा जाऊ दिली, मग मान मागे टाकली, डाव्या हाताने खालची पापणी ओढली, एक थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दाबून धरला, मनात आकडे मोजले. मग दुसरा डोळा. पलीकडच्या सीटवरची बाई झोपेतून उठून बघत होती, तिने न विचारता स्वतःचा टिश्यू पुढे केला. म्हणून सांगते, विमानात बाटली उभी धरून उघडा, आणि जास्तीची एक बाटली जवळ असू द्या.

न्यूयॉर्कला तिथल्या दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी उतरलो. इमिग्रेशनच्या रांगेत दीड तास. व्हीलचेअरमुळे आम्हाला वेगळ्या रांगेत घेतलं, आई-मुलगी एकत्र जाऊ दिलं, मी भाषांतर केलं. कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट, बोटांचे ठसे, झालं. खाण्याचं काय आणलंय विचारलं तर मी सगळं सांगून टाकलं, चकलीची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, फळं-भाजी काही नाही. लपवलं नाही की भीती पण राहत नाही. बाहेर यायला सव्वापाच. दादा उभा होता. आईने त्याला बघितल्यावर आधी विचारलं, "तुझ्या घड्याळात किती वाजले?"

एडिसनला नेवार्क विमानतळ जास्त जवळ पडलं असतं, पण त्या तारखांना तिथलं तिकीट माणशी चौदा हजारांनी महाग होतं. शुक्रवार संध्याकाळचं ट्रॅफिक, घरी पोचायला साडेसात. साताऱ्याच्या दारापासून एडिसनच्या दारापर्यंत बरोबर ३४ तास. तिकिटावर २० तास २० मिनिटं. तुम्ही कुणाला घेऊन जाणार असाल तर औषधं, झोप, डबा सगळं या ३४ तासांच्या हिशोबाने आखा.

आठ आठवडे राहिलो. आईने साडेदहा-साडेदहा पाळलं, रात्रीचं जरा उशिरा वाटायचं पण बाळ तसंही जागंच असायचं. पहिले सहा दिवस दोघींना पहाटे तीनला टक्क जाग, आम्ही स्वयंपाकघरात चहा करून गप्पा मारत बसायचो, वहिनी म्हणायची तुमच्यामुळे मला दोन तास झोप मिळाली. सातव्या-आठव्या दिवशी बसलं.

परतीचं विमान १५ नोव्हेंबरला रात्री साडेआठला. २० ला मतदान होतं, त्याआधी घरी पोचायचं आईचं म्हणणं होतं. परतीला दोहापर्यंत १२ तास २० मिनिटं, थांबा पावणेतीन तासच, पुढे मुंबई ३ तास १५. एकूण १८ तास २० मिनिटं. अंतर तेच, वेळ दोन तास कमी. वारा आता पाठीमागे, पडद्यावर वेग हजाराच्या वर जात होता. "जाताना माहेरून सासरला, येताना सासरहून माहेराला," आई म्हणाली.

विमानात झोप येईना म्हणून जुना फुलस्केप काढून हिशोब तपासत बसले. जाताना घड्याळात दिसले १० तास ५०, येताना १५ च्या रात्री साडेआठपासून १७ च्या पहाटे १:२० पर्यंत २८ तास ५०. जाताना जेवढी वेळ आपण "कमावतो" तेवढीच येताना "जाते", तेव्हा दोन्हीची बेरीज खऱ्या तासांच्या बेरजेएवढी यायला हवी. आली ३९ तास ४०. आणि खरे तास २० तास २० अधिक १८ तास २०, म्हणजे ३८ तास ४०. एक तास जास्त. तीनदा बेरीज केली. शेजारी आईचं चाललेलं, अगं झोप. मग आठवलं, ३ नोव्हेंबरला रविवारी दादाने ओव्हनवरचं घड्याळ एक तास मागे घेतलं होतं. तिकडे हिवाळ्यात घड्याळं मागे घेतात, त्या दिवसापासून फरक साडेनऊचा साडेदहा होतो. तेव्हाच आईचे थेंब साडेदहाचे साडेनऊला आले होते, तिच्या मनगटावरचं घड्याळ मात्र तेच दाखवत होतं, आठ. तुमचं जाणं-येणं मार्चच्या किंवा नोव्हेंबरच्या अलीकडे-पलीकडे असेल तर हा एक तास लक्षात असू द्या, मधल्या औषधांचं सगळं वेळापत्रक सरकतं.

सकाळचे थेंब विमान सुटल्यावर तासाभराने घातले, या वेळी बाटली उभी धरून उघडली, रात्रीचे दोह्यात त्याच रांगेतल्या एका खांबाजवळ. मुंबईत अडीचला बाहेर आलो, एक्स्प्रेसवेवर चहा घेतला, खंबाटकीच्या अलीकडे उजाडायला लागलं. साताऱ्यात पावणेआठ. आईने कुलूप उघडलं, दिवा लावला, पाय धुतले आणि पाटावर बसून घड्याळ बघितलं. भिंतीवरच्या घड्याळातही आठच वाजले होते. मग तिने झाकण काढलं.